अपुऱ्या दिवसांच्या बाळांची राखण

ज्युबिलीच्या ह्या स्मरणपुस्तकांत देवळाची बांधणी, शाळेची वाढ आणि पूर्वींच्या धर्मगुरूंचे परिश्रम ह्यांविषयीं इतर लेखकांनीं सविस्तर लिहिलें आहे. संपादकमंडळानें आम्हांसही कांहीं ऐतिहासिक लेखन करण्याचा आग्रह केला, तेव्हां विषय शोधण्याकरितां आम्ही कपाटांतील बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या काढून बसलों. त्यांत मधून मधून एक निराळ्याच प्रकारची नोंद आढळते. बाळाचें नांव, आईबापांचीं नांवें, आणि पुढें "प्राणसंकटांत बाप्तिस्मा" एवढेच शब्द. संस्कार करणाऱ्याच्या रकान्यांत अशा वेळीं धर्मगुरूंचें नांव नसतें. कोठें सुइणीचें असतें, कोठें दवाखान्यांतील नर्सबाईचें. समासांत बहुधा दुसरी एक तारीख असते, आणि ती पहिल्या तारखेपासून फार दूर नसते.

देवळाचा इतिहास लिहिणारा ह्या ओळींवरून पुढें जाईल. परंतु ज्या घरावर ती रात्र आली, त्या घराच्या इतिहासांत तिच्याएवढी मोठी दुसरी रात्र नसेल. त्या नर्सबाईंनीं पाणी हातांत घेण्यापूर्वीं काय काय केलें असेल, त्यांच्यापाशीं कोणतीं साधनें होतीं व कोणतीं नव्हतीं, आणि आज तशींच बाळें सुखरूप घरीं कशीं जातात, हें वाचकांस सांगावें असें आमच्या मनांत आलें. आम्ही वैद्य नव्हों. वाचून व जाणत्या परिचारिकांस विचारून जें समजलें तें येथें मांडतों. आरंभींच एक गोष्ट सांगून ठेवितों. हा इतिहास यंत्रांचा आहे असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें तो जागणाऱ्या माणसांचा आहे. आणि त्या माणसांत आईची जागा पहिली असतां ती तिला फार उशिरां परत मिळाली, हें त्याचें सार आहे.

आईच्या उदरांत बाळ सुमारें चाळीस आठवडे वाढतें. सदतीस आठवडे पुरे होण्याच्या आंत जन्मलेल्या बाळास वैद्यकशास्त्र अपुऱ्या दिवसांचें म्हणतें. आपल्या बायका सातव्यांत झालेलें, आठव्यांत झालेलें असें म्हणतात. अशा बाळाचे शत्रु चार. पहिला शत्रु थंडी : कातडी पातळ, अंगावर चरबी नाहीं, त्यामुळें अंगांतील ऊब पाहतां पाहतां निघून जाते. दुसरा भूक : चोखणें, गिळणें व श्वास घेणें ह्या तिहींचा मेळ सुमारें चौतिसाव्या आठवड्यापर्यंत नीट बसत नाहीं, म्हणून समोर दूध असूनही तें पोटांत जात नाहीं. तिसरा श्वास : फुप्फुसें कच्चीं असतात, आणि कित्येकदां बाळ श्वास घ्यावयाचेंच विसरतें. चौथा शत्रु जंतु. एक किलो वजनाच्या बाळाच्या सबंध शरीरांत रक्त शंभर मिलिलिटरहूनही कमी असतें. म्हणजे तपासणीकरितां काढलेल्या चार थेंबांचाही हिशेब ठेवावा लागतो. ह्या चार शत्रूंशीं झालेल्या झगड्याचाच हा वृत्तांत आहे.

आपल्या देशांत जन्मानंतर पांचव्या-सहाव्या रात्रीं सटवाईची पूजा करून जागरण करण्याची चाल फार जुनी आहे. सटवाई त्या रात्रीं येऊन बाळाच्या कपाळीं त्याचें नशीब लिहिते अशी लोकांची समजूत, आणि "पाचवीला पुजलेलें" हा वाक्प्रचारही त्यावरूनच निघाला. आम्हां ख्रिस्ती लोकांत ती पूजा नाहीं; परंतु त्या जागरणामागची भीति सर्व घरांची एकच होती. पहिल्या आठवड्यांतच बाळें अधिक दगावत. नाळ विळ्यानें किंवा मिळेल त्या पात्यानें कापीत, तिच्यावर राख अगर शेण लावीत; आणि मग काल नीट अंगावर पिणारें बाळ आज तोंड मिटून धनुष्यासारखें ताठ होई. ज्यास लोकांनीं सटवाईचा लेख मानलें तो बहुतेक वेळां धनुर्वात होता. गर्भारपणांतील लस, स्वच्छ पातें आणि धुतलेले हात एवढ्यानें तो टळतो. भारतांतून माता व नवजात बालकें ह्यांच्या धनुर्वाताचें उच्चाटन झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं मान्य केलें.

तथापि जुन्या बायकांस सर्वस्वीं दोष देणें अन्यायाचें होईल. बाळंतिणीची खोली उबदार ठेवणें, दहा दिवस सोयर पाळून परक्या माणसांस आंत येऊं न देणें, बाळ आईच्या कुशींत निजविणें, ह्या गोष्टी आज मोठमोठ्या रुग्णालयांत निराळ्या नांवांनीं चालतात. शेगडीचा धूर मात्र वाईट, आणि नाळेवरील शेण तर प्राणघातक. चांगलें व वाईट एकाच चुलींत शिजत होतें. तें निवडून देणारें कोणी नव्हतें.

तें निवडण्याचें काम कोल्हापुरांत आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलांतून होऊं लागलें. हेंच आजचें छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, लोकांच्या तोंडचें सी.पी.आर. ह्या रुग्णालयाच्या इतिहासांत डॉ. कृष्णाबाई केळवकर ह्यांचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. त्यांच्या मातोश्री रखमाबाई ह्या कोल्हापूर संस्थानांत स्त्रीशिक्षणाचें कार्य करीत. शाहू छत्रपतींच्या आश्रयानें कृष्णाबाई वैद्यकी शिकल्या, अधिक शिक्षणाकरितां विलायतेस जाऊन आल्या, आणि ह्याच रुग्णालयांत त्यांनीं सेवा केली. ज्या काळीं पुरुष डॉक्टरापुढें जाण्यापेक्षां घरीं मरण पत्करणाऱ्या स्त्रिया होत्या, त्या काळीं स्त्रीडॉक्टर असणें म्हणजे औषधाच्या आधीं मिळालेलें औषधच. जवळच मिरजेस प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस ह्यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उघडलें, आणि तेथें हिंदी परिचारिका तयार होऊं लागल्या. ते आमच्या पंथाचे नव्हते. परंतु उपकार मानतांना पंथ पाहूं नये.

त्या काळच्या रुग्णालयांत लक्ष मुख्यतः मातेकडे असे. माता वाचली कीं घर वाचलें असें समजत. हातभर बाळाकरितां निराळी व्यवस्था करावी, हा विचार प्रथम मूळ धरूं शकला तो फ्रान्स देशांत.

पॅरिस शहरांत स्तेफान तार्निये नांवाचे प्रसूतिवैद्य होते. १८७८ सालीं तेथील प्राणिबागेंत त्यांनीं कोंबडीचीं पिल्लें उबविण्याच्या पेट्या पाहिल्या, आणि तशीच पेटी अशक्त बाळांकरितां करावी असें त्यांच्या मनांत आलें. ओदील मार्तें ह्या बागेंतील कारागिरानें ती तयार केली व १८८०-८१ च्या सुमारास ती पॅरिसच्या मॅटर्निटे रुग्णालयांत सुरू झाली. लांकडी दुहेरी पेटी, खालच्या कप्प्यांत गरम पाणी, वरच्या कप्प्यांत बाळ, वर कांच. दोन हजार ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळांपैकीं पूर्वीं शेंकडा ६६ दगावत, तीं पेटी आल्यावर शेंकडा ३८ दगावूं लागलीं. ह्या आंकड्यांचें श्रेय जग पेटीस देतें. परंतु ती पेटी स्वतः तापत नसे. गरम पाण्याच्या बाटल्या भरावयाच्या, थंड झालेल्या काढावयाच्या, नव्या सरकवावयाच्या, आंतील उष्णतामापक पाहावयाचा, आणि हें रात्रंदिवस, दर दोन-तीन तासांनीं करावयाचें, हें काम परिचारिकांचें. ज्यांस चोखतां येत नसे त्यांच्या पोटांत बारीक नळीनें दूध सोडण्याची रीतिही तेथेंच रुळली, आणि तीही परिचारिकेच्याच हाताची. १८९३ सालीं त्याच रुग्णालयांत अशक्त बाळांचें स्वतंत्र दालन निघालें, तें मुख्य सुईण मादाम हेन्री ह्यांच्या खटपटीनें. तार्निये ह्यांचें नांव सर्व ग्रंथांत आहे. मादाम हेन्रींचें शोधावें लागतें.

त्यांच्यामागून आलेले डॉ. प्येर ब्युदें ह्यांनीं एक महत्त्वाची गोष्ट ओळखली. पेटींत ठेवलेल्या बाळापासून आई दूर राहिली तर तिचें दूध आटतें, आणि दुधाबरोबर मायेचा ओलावाही आटूं लागतो. म्हणून आईनें दालनांत यावें, बाळास पाजावें, त्याची शुश्रूषा शिकावी, असा त्यांचा आग्रह असे. त्यांचा ह्या विषयावरील ग्रंथ १९०० सालीं निघाला. तो आग्रह पुढच्या पिढ्यांनीं पाळला असता तर पुष्कळ दुःख टळलें असतें.

परंतु तसें झालें नाहीं. अमेरिकेंत मार्टिन कूनी नांवाचे गृहस्थ १९०३ पासून १९४३ पर्यंत न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंडच्या जत्रेंत पेटींतलीं बाळें तिकीट लावून दाखवीत. आज हें ऐकून अंगावर कांटा येतो. तथापि आईबापांकडून ते पैसा घेत नसत, आणि त्यांच्या परिचारिकांनीं अशीं हजारों बाळें जगविलीं, ज्यांस त्या वेळीं रुग्णालयांत जागा नव्हती. १९२२ सालीं शिकागो येथें डॉ. ज्युलियस हेस ह्यांनीं अपुऱ्या दिवसांच्या बाळांचें कायमचें दालन उघडलें. त्याचा खरा कणा म्हणजे मुख्य परिचारिका एव्हलिन लुंडीन. त्यांची शिस्त कडक होती : हात धुतल्याखेरीज कोणी बाळास शिवावयाचें नाहीं, बाळास उगाच हलवावयाचें नाहीं, दुधाचा थेंबन् थेंब लिहावयाचा. १९४१ सालीं वैद्यकीय व परिचारिकीय शुश्रूषेचा ग्रंथ ह्या दोघांच्या नांवें प्रसिद्ध झाला. ह्या शिस्तीनें जंतु दाराबाहेर राहिले. पण त्यांच्याबरोबर आईही दाराबाहेर राहिली. कित्येक वर्षें जगभर हीच रीति चालली. आई कांचेच्या पलीकडे उभी, बाळ अलीकडे, आणि घरीं नेण्याच्या दिवशीं ती आपल्याच बाळास परक्याच्या बाळासारखी भीत भीत हातीं घेई.

दार बंद असण्याची कथा सांगतांना आमच्या ख्रिस्तसभेविषयींही खरें तें सांगितलें पाहिजे. रुग्णसेवा हें धर्मभगिनींचें पुरातन कार्य. परंतु प्रसूतीच्या खोलींत काम करण्याची त्यांस दीर्घकाळ मुभा नव्हती. व्रतस्थ स्त्रीस तें शोभत नाहीं असा समज होता. इकडे पडद्यांतील स्त्रिया पुरुष डॉक्टरास हात लावूं देत नसत, आणि माता व बाळें दोन्ही जात. स्कॉटलंडच्या डॉ. अॅग्नेस मॅकलारेन ह्या उतारवयांत कॅथोलिक झालेल्या बाईंनीं रावळपिंडीस स्त्रियांकरितां रुग्णालय काढलें व ही बंदी उठावी म्हणून रोमकडे पुनःपुन्हां अर्ज केले. १९१३ सालीं त्या वारल्या. त्यांच्या हयातींत उत्तर आलें नाहीं. त्यांच्या प्रेरणेनें डॉक्टर झालेल्या अॅना डेंगेल ह्यांनीं त्याच रुग्णालयांत काम केलें आणि १९२५ सालीं वैद्यकीय सेवेकरितांच एक भगिनीसंघ स्थापिला. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लोरी १९२० सालीं गुंटूर येथें येऊन धर्मभगिनी झाल्या. त्यांस वैद्यकी चालविण्याची खास परवानगी रोमहून मिळाली. अखेर फेब्रुवारी १९३६ मध्यें रोमच्या आज्ञापत्रानें धर्मभगिनींस प्रसूतीच्या कामासह सर्व वैद्यकीय सेवेची मोकळीक दिली. सिस्टर मेरी ग्लोरी ह्यांनींच १९४३ सालीं भारतांतील कॅथोलिक रुग्णालयांचा संघ उभारला. आज बाळांच्या दालनांत वावरणाऱ्या धर्मभगिनी पाहून कोणास नवल वाटत नाहीं. पण त्या दारापर्यंत येण्यास किती वर्षें लागलीं तें विसरूं नये.

आतां यंत्रयुगांतील एक दुःखद प्रकरण. १९४० नंतर श्रीमंत देशांतील बाळें पूर्वींपेक्षां अधिक जगूं लागलीं, आणि त्याच वेळीं त्यांतील पुष्कळ आंधळीं होऊं लागलीं. कारण कोणास उमगेना. वॉशिंग्टन येथील डॉ. आर्नल पाट्झ ह्यांस संशय आला कीं, बाळांस उदार हातानें दिला जाणारा प्राणवायुच डोळ्यांचा घात करीत असावा. त्यांनीं कांहीं बाळांस प्राणवायु कमी देऊन पाहण्याचें ठरविलें. सांगतात कीं, रात्रपाळीच्या परिचारिकांस हें पाहवत नसे. बाळ गुदमरेल ह्या भयानें त्या रात्रीं हळूच प्राणवायु वाढवीत. १९५३-५४ सालीं अनेक रुग्णालयांनीं मिळून मोठा प्रयोग केला, तेव्हां तो संशय खरा ठरला. तोंपर्यंत जगांत सुमारें दहा हजार मुलें दृष्टीस मुकलीं होतीं. त्या परिचारिकांच्या मायेंत खोट नव्हती. पण मोजल्यावांचून केलेली माया घातक होऊं शकते, हा धडा ह्या शास्त्रानें फार मोठी किंमत देऊन घेतला. आज बाळाच्या पायास बांधलेला लहानसा दिवा रक्तांतील प्राणवायु सांगत असतो. तो उणा झाला तरी परिचारिका उठते, आणि अधिक झाला तरी उठते.

उलट बाजूस, परिचारिकेच्या डोळ्यानें शास्त्रास वाट दाखविल्याचेंही उदाहरण आहे. इंग्लंडांत एसेक्स परगण्यांत रॉचफर्ड येथील रुग्णालयांत सिस्टर जीन वॉर्ड ह्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या दालनावर होत्या. मोकळी हवा व ऊन बाळांस चांगलें, असें मानून त्या चांगल्या दिवशीं त्यांस अंगणांत नेत. १९५६ सालीं त्यांनीं डॉक्टरांस एक बाळ दाखविलें. त्याचें सर्वांग फिकें झालें होतें, फक्त त्रिकोणी तुकड्याएवढी कातडी पिवळीजर्द. चादरीचें टोंक तेथें पडून राहिल्यानें तेवढ्याच जागीं ऊन लागलें नव्हतें. कावीळ उजेडानें उतरते हें ह्या एका पाहण्यांतून निघालें. पुढें दिव्यांची पेटी तयार झाली व १९५८ सालीं तिची हकीकत प्रसिद्ध झाली. आपल्या येथें निळ्या दिव्याखालीं डोळ्यांवर पट्टी बांधून निजलेलें बाळ ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांनीं त्या चादरीच्या टोंकाची आठवण ठेवावी.

श्वासाचा शत्रु सर्वांत शेवटीं हटला. १९५२ सालीं अमेरिकेच्या डॉ. व्हर्जिनिया अॅपगार ह्यांनीं जन्मतःच बाळाचा रंग, नाडी, श्वास, हालचाल आणि चेतवणीस मिळणारा प्रतिसाद पाहून दहापैकीं गुण देण्याची सोपी रीति सुचविली. त्यामुळें निपचित बाळ बाजूस ठेवून देण्याची संवय मोडली. १९५९ सालीं डॉ. मेरी एलन एव्हरी ह्यांनीं दाखवून दिलें कीं, कच्च्या फुप्फुसांतील सूक्ष्म पिशव्या उघड्या ठेवणारा एक स्निग्ध पदार्थ ह्या बाळांत कमी असतो. तरीही उपाय सांपडला नव्हता. ७ ऑगस्ट १९६३ रोजीं अमेरिकेचे कॅथोलिक अध्यक्ष केनेडी ह्यांस साडेपांच आठवडे आधीं पुत्र झाला. वजन दोन किलोंहून थोडें अधिक. आजच्या मानानें बरेंच. पॅट्रिक ह्या नांवानें त्याचा तातडीनें बाप्तिस्मा झाला, आणि तिसऱ्या दिवशीं तें बाळ गेलें. जगांतील सर्वांत बलाढ्य पुरुषास स्वतःच्या मुलाकरितां जें मिळालें नाहीं, तें आज जिल्ह्याच्या गांवीं शेतमजुराच्या बाळास मिळतें : आईस आधीं द्यावयाचें इंजेक्शन (१९७२), नाकावाटे सतत दाबाची हवा (१९७१), आणि त्या स्निग्ध पदार्थाचें औषध (१९८०).

हें सर्व पश्चिमेकडून आलें. परंतु आईस दाराआंत घेण्याच्या कामीं गरीब देशांनीं वाट दाखविली, आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस नवजात बालकांच्या विभागावर होत्या. दालनांत गर्दी, साधनें तुटपुंजीं, आणि जंतुदोषानें बाळें जात. त्यांनीं डब्याचें दूध बंद केलें, आयांस आंत घेतलें, त्यांनाच स्वच्छता व शुश्रूषा शिकविली, आणि मृत्यूंचें प्रमाण उतरलें. ज्या आईस दूध नाहीं तिच्या बाळाकरितां दुसऱ्या आईनें दिलेलें दूध निर्जंतुक करून ठेवण्याची मानवी दुग्धपेढी त्यांनीं १९८९ सालीं तेथें सुरू केली. ती आशिया खंडांतील पहिली.

त्याच्या थोडें आधीं, १९७८ सालीं, दक्षिण अमेरिकेंतील बोगोटा शहरीं डॉ. एद्गार रे ह्यांस पेट्या पुरेनात, एका पेटींत दोन-दोन, तीन-तीन बाळें ठेवावीं लागत. त्यांनीं बाळ आईच्या छातीशीं, उघड्या अंगास अंग लावून, बांधून ठेवण्यास आरंभ केला. कांगारूच्या पिशवीवरून ह्या रीतीस कांगारू-शुश्रूषा म्हणतात. पुष्कळ काळ ती गरिबाची तडजोड समजली गेली. परंतु २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पांच देशांतील प्रयोगांत, ज्यांत दिल्लीचें सफदरजंग रुग्णालयही होतें, असें दिसलें कीं, बाळ स्थिर होण्याची वाट न पाहतां जन्मतःच आईच्या छातीशीं दिलें तर मृत्यु शेंकडा १५.७ वरून शेंकडा १२ वर येतात. म्हणजे अतिदक्षता कक्षांत आईचा पलंग असणें ही दयाबुद्धीची सवलत राहिली नाहीं. तो उपचाराचा भाग ठरला. ब्युदें ह्यांनीं एकशेंवीस वर्षांपूर्वीं जें सांगितलें तेथेंच शास्त्र फिरून आलें.

रुग्णालयच नाहीं तेथें काय करावें, ह्याचें उत्तर गडचिरोलीनें दिलें. डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेनें ३९ गांवांत थोडें शिकलेल्या स्त्रियांस आरोग्यदूत म्हणून तयार केलें. बाळ कोरडें करून गुंडाळणें, वजन करणें, श्वास न घेणाऱ्या बाळास नळी व मुखवट्यानें हवा देणें, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणें, हें सर्व त्या झोंपडींत करीत. तिसऱ्या वर्षीं नवजात बालकांचे मृत्यु शेंकडा ६२ नीं घटले. १९९९ सालीं ही हकीकत विलायतेच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकांत आली. २०११ पासून आशा कार्यकर्त्या घरोघरीं बाळास भेटी देतात, त्याचें मूळ येथें आहे. महाराष्ट्रांत २०२० सालीं जन्मलेल्या दर हजार बाळांपैकीं ११ पहिल्या महिन्यांत गेलीं. सर्व देशाचा आंकडा त्या वर्षीं २० होता.

आंकडे येथवर. आम्हांस अपरात्रीं अशा कक्षांत जाण्याचे प्रसंग आले आहेत. दाराशीं घड्याळ, अंगठी काढून कोपरापर्यंत हात धुवावे लागतात. तेथें धर्मगुरूस सूट नाहीं. आंत उजेड मंद, आवाज हळू. एक-एक वॉर्मरवर तळहाताएवढें बाळ. दूध दोन मिलिलिटर, दर दोन तासांनीं; औषधाच्या मात्रेंत दशांशचिन्ह एक घर सरकलें तर दहापट होतें, म्हणून दोघींनीं मोजावयाचें. यंत्र बोलण्याच्या आधीं परिचारिका म्हणते, "आज ह्याचा रंग बरा नाहीं," आणि तासाभरांत यंत्र तेंच सांगूं लागतें. हें ज्ञान पुस्तकांतलें नव्हे. तें शेंकडों रात्रींच्या जागरणाचें आहे. परंतु एका जोडी डोळ्यांस किती बाळें पाहतां येतील? श्वासयंत्रावरील बाळांस एका परिचारिकेमागें एक, फार तर दोन, असें जाणते सांगतात. आम्हीं एकीकडे त्याच्या कितीतरी पट पाहिलीं आहेत. ९ जानेवारी २०२१ च्या रात्रीं भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षास आग लागली. सात बाळें बाहेर काढतां आलीं, दहा गेलीं. तीं बाळें कमी दिवसांचीं, कमी वजनाचीं, पण चार शत्रूंशीं झगडून राहिलेलीं. यंत्र आणून ठेविलें म्हणजे काम संपलें असें मानणाऱ्या प्रत्येकानें ती रात्र आठवावी. यंत्रास, त्याच्या तारेस आणि त्याच्याजवळ बसणाऱ्या माणसासही कोणी राखावें लागतें.

ज्यांचें बाळ राहिलें नाहीं त्यांच्याकरितां एक शब्द. प्राणसंकटांत बाप्तिस्मा कोणासही देतां येतो. देणारा ख्रिस्ती असलाच पाहिजे असेंही नाहीं, योग्य हेतु पुरे. आमच्या नोंदवहींतील कांहीं नर्सबाई अन्य धर्माच्या होत्या; आईनें सांगितलें म्हणून त्यांनीं तें पाणी घातलें, आणि आम्ही त्यांचें नांव आदरानें वाचतों. जेथें तेवढाही अवसर मिळाला नाहीं, त्या आईबापांनीं स्वतःस दोष लावून घेऊं नये. अशा बाळांविषयीं आशा धरण्यास सबळ कारण आहे, असें ख्रिस्तसभेच्या ईश्वरविद्या आयोगानें २००७ सालीं सविस्तर सांगितलें आहे.

शेवटीं आमच्या धर्मग्रामांतील मंडळींस चार गोष्टींची विनंती. जन्मलेल्या बाळास लगेच अंघोळ घालूं नका, मध किंवा गुटी चाटवूं नका. कोरडें करा, टोपी घाला, आईच्या छातीशीं द्या. दुसऱ्या गांवीं न्यावें लागलें तर वाटेंतही छातीशींच न्या, आणि बापाची छातीही तितकीच उबदार असते हें पुरुषांनीं ध्यानांत ठेवावें. जिला दूध अधिक आहे तिनें जेथें दुग्धपेढी असेल तेथें तें द्यावें. आणि रुग्णालयाच्या दाराशीं रात्रपाळीच्या सिस्टरांवर आवाज चढविण्यापूर्वीं आंत एका वेळीं त्यांस किती बाळें पाहावीं लागतात हें विचारावें. तो आंकडा फार मोठा निघाला तर आपला आवाज तिला सोडून ज्यांच्या हातीं नेमणुका आहेत त्यांच्यापर्यंत न्यावा.

असो. ह्या धर्मग्रामांतून किती मुली परिचारिका होऊन मुंबई-पुण्यास व परदेशीं गेल्या, ह्याची नोंद आमच्या कोणत्याही वहींत नाहीं. ती ह्या ज्युबिलीच्या वर्षीं सुरू करावी असा आमचा विचार आहे. घरोघरींच्या मंडळींनीं आपल्या मुलींचीं, सुनांचीं व बहिणींचीं नांवें रविवारीं मिस्सानंतर आम्हांस आणून द्यावीं. वही विकत आणून ठेविली आहे.